उसाचा काटा चोख हवा, तसा छातीचाही चोख हवा



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या वरवंड भागात एकच विषय निघतो. पारावर, सोसायटीच्या ओट्यावर, हमरस्त्याच्या चहाच्या टपरीवर, जिथे चार शेतकरी जमतील तिथे काट्याची गोष्ट. काटा तपासला का, वजनमापे खात्याचा शिक्का झाला का, भरारी पथक येऊन गेले का? ही चर्चा व्हायलाच हवी. वर्ष-दीड वर्ष पाणी धरून, खते घालून, रात्री-अपरात्री मोटार चालू करून वाढवलेल्या उसाचे वजन एक किलोनेही कमी भरू नये, असे ज्याला वाटत नाही तो शेतकरीच नव्हे.

आज आम्ही एका दुसऱ्याच काट्याविषयी लिहिणार आहोत. त्याला ना शिक्का, ना पथक, ना कोणी त्याबद्दल सभेत प्रश्न विचारत. हा काटा माणसाच्या छातीचा आहे. कारखान्यांतून कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी होते, तीत छातीची ताकद मोजण्यासाठी एका नळीत फुंकायला लावतात. डॉक्टर मंडळी तिला स्पायरोमेट्री म्हणतात, कामगार तिला ‘फुंकायची टेस्ट’ म्हणतात. आमचे म्हणणे एवढेच की ही टेस्ट ज्या रीतीने बहुतेक ठिकाणी उरकली जाते, त्या रीतीने आपण आपला ऊस एक दिवसही मोजू दिला नसता.

ऊस विकास खात्याच्या माणसांनी छातीच्या टेस्टवर का लिहावे, असे कोणी विचारील. आम्ही डॉक्टर नाही. शेतकीची पदविका घेतलेली माणसे आहोत. पण मोजमाप हा आमचा रोजचा धंदा आहे. उसाची पक्वता पाहायला आम्ही हातातला रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात जातो, तेव्हा आधी त्यावर ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब टाकून काटा शून्यावर आणतो. एका उसाचा रस पाहून प्लॉटचा निकाल देत नाही. चार ठिकाणचे ऊस घेतो, शेंड्याचा, मधला आणि बुडख्याचा रस पाहतो. मातीचा नमुना घेताना बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नका असे आम्ही तुम्हांला ओरडून सांगतो. का? तर नमुना चुकला की प्रयोगशाळा कितीही मोठी असो, अहवाल चुकलाच. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? हाच न्याय छातीला लागू आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

छातीला धोका कशाचा?

साखर कारखाना म्हणजे गोड काम, असे बाहेरच्याला वाटते. आत काम करणाऱ्याला विचारा. बॉयलरपाशी राख, सल्फर बर्नरपाशी गंधकाचा धूर, चुन्याच्या कामावर चुन्याची धूळ, आणि या सर्वांवर कडी म्हणजे बगॅस यार्ड.

मिलमधून बाहेर पडलेल्या ताज्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मे पाणी असते. तो तसाच बॉयलरमध्ये गेला तर फारसा धोका नाही. पण उरलेला बगॅस ढीग घालून महिनोन्‌महिने ठेवला जातो. ढिगाच्या आत उष्णता वाढते आणि त्या उष्णतेत वाढणारे सूक्ष्म जीव त्यावर पोसतात. त्यांतल्या एकाला शास्त्रज्ञांनी नावच मुळी साखरेवरून दिले आहे, थर्मोअ‍ॅक्टिनोमायसेस सॅकराय. पुढच्या हंगामात बॉयलर पेटवायला हाच जुना, सुकलेला, बुरसटलेला बगॅस उकरतात. तेव्हा जी धूळ उडते ती साधी धूळ नसते. ती श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. काही माणसांच्या शरीराला ती सोसत नाही आणि फुप्फुस आतून सुजते. या दुखण्याचे नाव बगॅसोसिस. १९४१ साली अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स येथे, जेमिसन आणि हॉपकिन्स या डॉक्टरांनी ते प्रथम नोंदवले. तो लुइझियाना प्रांतही आपल्यासारखाच उसाचा मुलूख आहे.

या दुखण्याची खोड अशी की ते लगेच समजत नाही. माणूस दिवसभर यार्डात काम करतो आणि चार ते आठ तासांनी, घरी गेल्यावर, त्याला थंडी वाजते, ताप चढतो, कोरडा खोकला येतो, दम लागतो. घरचे म्हणतात, हवा बदलली. गावचा डॉक्टर म्हणतो, फ्लू असेल, मलेरिया असेल. दोन दिवस घरी राहिला की बरे वाटते, म्हणून पुन्हा कामावर. पुन्हा तेच. काहींना क्षय समजून औषधे सुरू होतात. लवकर ओळखून त्या धुळीपासून माणूस बाजूला काढला तर तो बहुधा पूर्ण बरा होतो. पण वर्षानुवर्षे हेच चालले तर फुप्फुसात वण पडतात, ते आखडते, आणि मग वेळ गेलेली असते.

हा आजार आमच्या कल्पनेतला नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात बगॅसोसिसचे नाव पुढे स्पष्ट घातले गेले, आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आले. म्हणजे कायद्याने हे दुखणे कामाचे दुखणे मानले आहे. पण भरपाई मागायची तर दुखणे सिद्ध व्हायला हवे, आणि सिद्ध करायला कागद लागतो. तो कागद म्हणजे ही तपासणी. कागदावर दरवर्षी ‘नॉर्मल’ लिहून येत असेल, तर त्या माणसाने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

फुंकर मोजायची कशी?

हे यंत्र नवे नाही. लंडनच्या जॉन हचिन्सन या शल्यवैद्याने १८४६ साली आपल्या यंत्रावर २,१३० माणसांची मोजणी करून प्रसिद्ध केली. माणूस छाती भरून श्वास घेतो आणि तो सगळाच्या सगळा बाहेर सोडतो, तेव्हा किती हवा निघते ते त्याने मोजले. आजही मूळ तत्त्व तेच आहे. यंत्र दोन आकडे मुख्यत्वे देते. एकूण किती हवा निघाली, आणि त्यांतली पहिल्या एका सेकंदात किती निघाली. श्वासनळ्या अरुंद झाल्या असतील तर पहिल्या सेकंदाची हवा कमी भरते. फुप्फुसच आखडले असेल तर एकूण हवा कमी भरते.

ऐकायला सोपे आहे. पण येथे एक गोष्ट लक्षात घ्या. रक्त तपासायचे तर सुई टोचली की रक्त येते, माणसाच्या मर्जीचा प्रश्न नाही. फुंकायच्या टेस्टमध्ये माणसाने पूर्ण जोर लावला तरच आकडा खरा. त्याने अर्धाच श्वास घेतला, मध्येच खोकला, ओठ सैल ठेवले, नाकातून हवा सोडली, लवकर थांबला, तर यंत्र बिचारे काय करणार? ते जे मिळेल ते छापते.

एक हिशेब मांडून दाखवतो. समजा, एका फायरमनची एकूण हवा खरोखर ३.६ लिटर आहे आणि पहिल्या सेकंदाची २.३ लिटर. दुसऱ्याला पहिल्याने भागले की ६४ टक्के येतात. साधारण सत्तर टक्क्यांच्या खाली गेले की श्वासनळ्या अडल्याचा संशय घ्यावा, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे या माणसाला डॉक्टरांकडे पाठवायला हवे. आता हाच माणूस फुंकता फुंकता तीन सेकंदांत थांबला. एकूण हवा भरली ३ लिटरच. पहिल्या सेकंदाची तीच २.३. भागाकार ७७ टक्के! झाला नॉर्मल. अडथळा होता तसाच छातीत राहिला, कागदावरून मात्र गायब झाला. अर्धवट फुंकर आजार दाखवते असे नाही, कधी कधी ती आजार झाकते. आम्हांस ही गोष्ट सर्वांत घातक वाटते.

म्हणूनच अमेरिका व युरोपातील छातीरोग तज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून या टेस्टचे नियम ठरवले आहेत, आणि २०१९ साली ते नव्याने सुधारले. त्यांतले मुख्य असे:

यंत्र रोज ३ लिटरच्या पिचकारीने तपासावे. पिचकारीतून बरोबर ३ लिटर हवा सोडली की यंत्रानेही ३ लिटरच दाखवली पाहिजे, फरक फार तर ३ टक्के. ही पिचकारी म्हणजे काट्यावर ठेवायची प्रमाणित वजनेच समजा.

माणसाची उंची पायातले काढून, भिंतीशी उभे करून मोजावी. विचारून लिहू नये. उंचीत दहा सेंटिमीटरची चूक झाली तर त्या माणसाकडून अपेक्षित असलेला आकडा चारशे-पाचशे मिलिलिटरने हलतो.

माणसाला ताठ बसवावे, नाकाला चिमटा लावावा, ओठ नळीभोवती घट्ट मिटवावेत. करून दाखवावे, मग करून घ्यावे.

फुंकर एकदम जोरात सुरू व्हावी आणि शेवटच्या एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त हवा येईनाशी होईपर्यंत चालू राहावी. पहिल्या सेकंदात खोकला आला तर ती फुंकर बाद.

निदान तीन चांगल्या फुंकरी मिळाल्या पाहिजेत आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन आकड्यांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त अंतर नको. जमले नाही तर पुन्हा, पण साधारण आठच्या वर नाही, कारण माणूस थकतो.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, डोळ्याचे किंवा पोटाचे ऑपरेशन झालेला माणूस असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुंकायला लावू नये.

प्रत्येकाला वेगळी नळी आणि वेगळी गाळणी द्यावी. कोरोनाच्या साथीत या टेस्ट ठिकठिकाणी बंद ठेवाव्या लागल्या होत्या, ते विसरून चालणार नाही.

आणि प्रत्यक्षात?

आता एक सोपे गणित करू. वरचे सगळे नियम पाळले तर एका माणसाला पंधरा-वीस मिनिटे लागतात. सकाळी नऊपासून पाचपर्यंत, जेवणाचीही सुट्टी न घेता, एका यंत्रावर चोवीस ते बत्तीस माणसे होतात. मग एखादे शिबीर एका यंत्रावर एका दिवसात तीनशे कामगार तपासून मोकळे होते ते कसे? ४८० मिनिटांत ३०० माणसे म्हणजे माणशी दीड मिनिट. दीड मिनिटात नाव, वय, उंची लिहून होत नाही, तीन फुंकरी कोठून येणार?

ज्यांनी अशी शिबिरे पाहिली आहेत त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. गाडी येते, टेबल मांडले जाते. पाळी सुटलेले कामगार रांग लावतात. “हं, फुंका. झालं. पुढचा.” उंची तोंडी विचारतात, “किती, पाच-पाच का?” पिचकारी गाडीत असते किंवा नसतेच. आठवड्याने जाडजूड फाइल येते, तीत प्रत्येकाच्या नावापुढे ‘नॉर्मल’ किंवा ‘सौम्य दोष’ असा शिक्का. फुंकरीची रेघ छापलेली नसते, त्यामुळे डॉक्टरला फेरतपासणीही करता येत नाही. फाइल कपाटात जाते, कायद्याची पूर्तता होते, बिल निघते. यांत कोणा एकाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्या भावात आणि ज्या घाईत आपण काम मागतो, त्या भावात आणि त्या घाईत तसेच काम मिळते.

असल्या फाइलीने काय होते, याचा मोठा धडा ऑस्ट्रेलियातून मिळतो. क्वीन्सलँड प्रांतात कोळसा खाणकामगारांची छाती तपासण्याची सरकारी योजना होती. सुमारे तीस वर्षे तेथे समजूत होती की कोळशाच्या धुळीचा ‘ब्लॅक लंग’ आजार संपला. २०१५ साली नवे रोगी पुढे आले आणि खळबळ उडाली. मोनाश विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी जुने कागद काढून पाहिले. २०१६ च्या त्यांच्या अहवालात दिसले की एक्स-रे वाचण्यात तर उणिवा होत्याच, फुंकायच्या टेस्टही बऱ्याच प्रमाणात दर्जाहीन होत्या. आजार गेला नव्हता, मोजणाऱ्यांना दिसत नव्हता. त्यानंतर तेथे तपासणी करणाऱ्या केंद्रांनाच आधी परीक्षा द्यावी लागू लागली. अमेरिकेत तर कापूस गिरण्यांच्या धुळीसंबंधीच्या १९७८ च्या नियमातच टेस्ट घेणाऱ्याने मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतले पाहिजे, असे घातले होते.

परदेशचे सोडा. आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्य व संशोधन केंद्र आहे. छातीच्या अडथळ्याच्या आजाराची ‘बोल्ड’ नावाची आंतरराष्ट्रीय पाहणी अनेक देशांत झाली, तिच्यात पुण्याच्या बाजूने या केंद्राने काम केले. त्या पाहणीचा शिरस्ता असा की फुंकर घेणाऱ्याला आधी शिक्षण, आणि घेतलेल्या प्रत्येक फुंकरीची रेघ मध्यवर्ती ठिकाणी तज्ज्ञांकडून तपासून घ्यायची. नापास झाली तर ती हिशेबात नाही. खेड्यातल्या माणसांना हे जमत नाही असे कोणी म्हणू नये. नीट समजावून सांगितले तर आपली माणसे उत्तम फुंकतात. शंख फुंकणारा गाव आहे आपला!

लहान चूक, मोठा घोटाळा

कोणी म्हणेल, थोडाफार फरक पडला तर काय बिघडले? ऐका. निरोगी प्रौढ माणसाची छातीची ताकद वयाप्रमाणे दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरने कमी होते. हे निसर्गाचे मापन झाले. आता यंत्र तपासलेले नाही आणि ते पाच टक्के चुकते आहे, असे समजा. ३ लिटरवर पाच टक्के म्हणजे १५० मिलिलिटर. म्हणजे पाच वर्षांची घट एका यंत्राच्या चुकीत लपली किंवा फुकट वाढून दिसली! यंदाचे यंत्र एक, पुढच्या साली दुसरे, मोजणारा तिसराच, अशा रीतीने दहा वर्षांच्या दहा कागदांवरून काहीच कळणार नाही.

अजून एक बारकावा. यंत्र ‘अपेक्षेच्या इतके टक्के’ असे छापते. ही अपेक्षा कोणाची? यंत्रात जे कोष्टक भरलेले असेल त्याची. युरोपातल्या माणसांचे जुने कोष्टक असेल तर आपला धडधाकट गडीही दहा टक्क्यांहून अधिक कमी दिसू शकतो. मुंबईत डॉ. फारुख उडवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली भारतीयांचे आकडे प्रसिद्ध केले. २०१२ साली आणि पुन्हा २०२२ साली जागतिक कोष्टकेही निघाली. कोणते वापरायचे ते डॉक्टरांनी ठरवावे. आमचे म्हणणे एवढेच की दरवर्षी एकच कोष्टक असावे आणि त्याचे नाव अहवालावर छापलेले असावे. सर्वांत खरी तुलना माणसाची त्याच्या स्वतःच्याच गेल्या वर्षीच्या आकड्याशी. आपण प्लॉटचा उतारा मागच्या सालच्या उताऱ्याशी ताडून पाहतो, तसेच हे.

आणि हेही सांगून ठेवतो की फुंकायची टेस्ट म्हणजे सर्वस्व नव्हे. बगॅसोसिसच्या सुरुवातीला ती चांगलीही येऊ शकते. म्हणून टेस्टबरोबर चार प्रश्न विचारायलाच हवेत. कामावरून गेल्यावर संध्याकाळी ताप येतो का? सुट्टीत बरे वाटते का? जिना चढताना दम लागतो का? यार्डात किती वर्षे आहात? या प्रश्नांना पैसे पडत नाहीत.

आमच्या सूचना

पहिली, सर्वांची घाईने करण्यापेक्षा जोखमीच्या जागांची नीट करावी. बगॅस यार्ड, बॉयलर, राख काढणारे, सल्फर बर्नर, चुना, ही माणसे आधी. त्यांत कंत्राटी आणि हंगामी माणसे धरलीच पाहिजेत. धुळीला हजेरीपट कळत नाही.

दुसरी, जुना बगॅस उकरण्यापूर्वी एकदा आणि हंगाम संपताना एकदा, अशी दोनदा टेस्ट त्याच यंत्रावर घ्यावी. यार्डातल्या माणसाला मधल्या काळात ताप-दम झाला तर तेव्हाही.

तिसरी, तपासणीची निविदा काढताना केवळ माणशी दर पाहू नये. दिवसाला एका यंत्रावर पंचवीसपेक्षा जास्त माणसे नाहीत, रोज पिचकारीची नोंद, प्रत्येकाच्या तीन फुंकरींची रेघ छापून, घेणाऱ्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, या अटी करारात घालाव्यात. दहा टक्के रेघा बाहेरच्या छातीरोग तज्ज्ञाकडून तपासून घ्याव्यात, आणि नापास झालेल्या टेस्टचे पैसे देऊ नयेत.

चौथी, कामगाराला त्याच्या अहवालाची प्रत मराठीत मिळावी. ती त्याची मालमत्ता आहे.

पाचवी, धूळ कमी करावी. नुसते मोजून उसाचे वजन वाढत नाही, तसे नुसते फुंकून छाती सुधारत नाही. बगॅस ओला करून हलवणे, पट्टे झाकणे, गठ्ठे बांधून ठेवणे, चांगले मास्क देणे, हे सोबत व्हायला हवे. साठवणीच्या बगॅसवर प्रोपिऑनिक आम्ल फवारून बुरशी रोखण्याचा उपाय जुनाच आहे, त्याचाही विचार तज्ज्ञांना विचारून व्हावा.

खर्च आणि भीती

खर्चाचा प्रश्न येणारच, आणि सभासदांनी तो विचारलाच पाहिजे, कारण पैसा त्यांचा आहे. समजा कारखान्याचे गाळप पाच लाख टन झाले. टनामागे दहा पैसे बाजूला काढले तर पन्नास हजार रुपये होतात. वीस पैसे काढले तर एक लाख. एका खेपेच्या ऊसतोडीला जेवढी बिडी-काडी लागते तेवढाही भार हा शेतकऱ्यावर पडत नाही. शिवाय मालकाने वार्षिक आरोग्य तपासणी विनामूल्य करून देणे हे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेत आहेच. तपासणीचा खर्च तर होणारच. मग तो केल्यासारखा तरी होऊ द्या.

दुसरा प्रश्न भीतीचा. कामगार खासगीत बोलतात, “साहेब, छातीत काही निघालं तर घरी बसवतील. त्यापेक्षा न निघालेलंच बरं.” ही भीती खोटी नाही. ज्याच्या घरात त्याच पगारावर चूल पेटते तो माणूस मुद्दाम कमी-जास्त फुंकणार, आणि मग जगातले सर्वांत महागडे यंत्रही खोटेच बोलणार. म्हणून संचालक मंडळाने लेखी ठराव करावा की छातीत दोष निघालेल्या माणसाला पगार कमी न करता धुळीपासून दूरच्या जागी काम दिले जाईल. हा ठराव झाल्याशिवाय टेस्टचा दर्जा सुधारणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. यंत्र दुरुस्त करणे सोपे आहे, विश्वास दुरुस्त करणे अवघड.

हा प्रश्न आपल्या घरचा आहे

यार्डात काम करणारा तो कोण? वरवंडचा, पाटसचा, कडेठाणचा, कुसेगावचा. कोणा सभासदाचा धाकटा भाऊ, कोणाचा जावई. शेती वाटून वाटून दीड एकरावर आली म्हणून तो कारखान्यावर लागला. आपण त्याचे मालकही आहोत आणि नातेवाईकही.

आणि धूळ-धूर कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही. आपल्या दौंड तालुक्यात गुऱ्हाळे मोठ्या संख्येने आहेत. चुलवाणासमोर दिवसभर जाळ घालणाऱ्या माणसाला कोण फुंकायला लावते? काही ठिकाणी चुलवाणात चिपाडाबरोबर प्लॅस्टिक, जुने टायर असले जळण जाते अशा तक्रारी झालेल्या आहेत. त्या धुराचे काय? आमच्या खात्याचा जुनाच आग्रह येथे पुन्हा सांगतो. पाचट जाळू नका. सरीत कुजवा. जमिनीचा फायदा आहेच, शिवाय रात्री दम्याने उठून बसणारी घरातली म्हातारी तुम्हांला दुवा देईल.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उतारा, भाव, तोडणी-वाहतूक या प्रश्नांबरोबर एक प्रश्न कोणीतरी उभे राहून विचारावा, असे आम्हांस वाटते. प्रश्न असा: “गेल्या तपासणीत एका यंत्रावर दिवसाला किती माणसे फुंकली, पिचकारीची नोंद आहे काय, आणि रेघा कोणी पाहिल्या?” उत्तर मिळाले तर टाळ्या वाजवा. नाही मिळाले तर वरील पाच सूचनांचा ठराव मांडा. सूचक-अनुमोदक मिळायला अडचण येणार नाही. बगॅस यार्डाचे कुलूप हंगामासाठी उघडण्यापूर्वी हे व्हावे, एवढीच विनंती.

आपले नम्र,
ऊस विकास अधिकारी,
वरवंड गट